२२६ किलोमीटर आणि एक पोट

ऑक्टोबर २०२५. हवाईतल्या कोना इथे आयर्नमॅनची, म्हणजे पोहणं, सायकल आणि धावणं सलग करायच्या लांब पल्ल्याच्या ट्रायथलॉनची, महिलांची जागतिक अजिंक्यपदाची शर्यत चालू होती. अमेरिकेची टेलर निब सगळ्यांच्या पुढे होती. पोहून झालं होतं, सायकल झाली होती, मॅरेथॉनचेही शेवटचे मोजकेच किलोमीटर उरले होते. तेवढ्यात तिची चाल बिघडली, ती लटपटायला लागली आणि रस्त्यावरच बसली. ती शर्यत तिने पुरी केली नाही. त्याच दिवशी, तिच्याआधी आघाडीवर असलेल्या ब्रिटनच्या लूसी चार्ल्स-बार्कलीलाही धावता धावता शर्यत सोडावी लागली होती. जिंकली नॉर्वेची सोल्वेग लोव्हसेथ. ती मागून आपली आपल्या चालीने येत होती.

हे पाहणाऱ्या माणसाला पहिला प्रश्न पडतो तो साधा आहे. ज्यांचा धंदाच हा आहे, ज्या वर्षानुवर्षं दिवसाचे कित्येक तास सराव करतात, त्यांचं शरीर असं ऐनवेळी नांगी कसं टाकतं? ‘दमल्या’ हे उत्तर पुरेसं नाही. दमलेला माणूस हळू होतो, असा मटकन बसत नाही. खरं उत्तर समजायचं तर या शर्यतीकडे पाय, फुफ्फुसं आणि जिद्द यांची परीक्षा म्हणून बघणं थोडं बाजूला ठेवावं लागतं. ती साखर, पाणी आणि उष्णता यांच्या जमाखर्चाची शर्यत आहे, आणि त्या जमाखर्चाची तिजोरी पोटात आहे.

आधी आकडे. लांब पल्ल्याच्या ट्रायथलॉनमध्ये ३.८ किलोमीटर पोहणं, १८० किलोमीटर सायकल आणि ४२.२ किलोमीटर धावणं, हे सगळं एकामागोमाग एक, मध्ये विश्रांती नाही. बेरीज २२६ किलोमीटर. ऑलिम्पिकमधला ट्रायथलॉन याच्या पाव हिश्श्याएवढाही नसतो, तो ५१.५ किलोमीटरचा. ‘आयर्नमॅन’ हे खरं तर एका स्पर्धामालिकेचं नाव, पण आता लोक या अंतरालाच आयर्नमॅन म्हणतात. जर्मनीतल्या रोथ इथली प्रसिद्ध शर्यत याच अंतराची, पण ती आयर्नमॅनची नव्हे, चॅलेंज या दुसऱ्या मालिकेची.

हे अंतर कुणी शास्त्र वापरून ठरवलेलं नाही. १९७८ साली हवाईतल्या ओआहू बेटावर जॉन कॉलिन्स हा नौदल अधिकारी आणि त्याची पत्नी ज्युडी यांनी बेटावरच्या तीन वेगवेगळ्या शर्यती एकापुढे एक जोडल्या, एवढंच. वाद असा होता की पोहणारा, सायकलवाला आणि धावणारा यांत सगळ्यात तंदुरुस्त कोण. १५ जण उतरले, १२ जणांनी पूर्ण केली. पहिला आलेल्या गॉर्डन हॉलरला पावणेबारा तासांपेक्षा थोडा जास्त वेळ लागला. आज कोनात पुरुषांचा विक्रम ७ तास ३५ मिनिटं ५३ सेकंदांचा आहे, पॅट्रिक लँगेने २०२४ मध्ये केलेला. रोथच्या वेगवान रस्त्यांवर मॅग्नस डिटलेव्हने त्याच वर्षी ७ तास २३ मिनिटांत काम संपवलं आणि महिलांमध्ये आन हाउगने ८ तास २ मिनिटांत. हौशी स्पर्धकांना सहसा १७ तासांची मुदत असते. म्हणजे व्यावसायिक खेळाडू अंघोळ करून, जेवून, मुलाखती देऊन मोकळा झालेला असतो, तरी रस्त्यावर माणसं धावतच असतात.

आता त्या साडेसात-आठ तासांत आत काय चाललेलं असतं ते बघू.

पोहण्याचा भाग सगळ्यात छोटा, पन्नास मिनिटांच्या आतबाहेर. त्यातही पहिली चार-पाच मिनिटं सगळ्यात वाईट. भोंगा वाजला की सगळे जीव तोडून हात मारतात, कारण प्रत्येकाला वेगवान पोहणाऱ्याच्या मागची जागा हवी असते. यांच्या बोलीत त्याला ‘पाय पकडणं’ म्हणतात. पुढच्याच्या पायांमागे नीट चिकटून पोहलं तर पाणी त्याने फोडलेलं असतं, तुम्हाला तोच वेग कमी कष्टात मिळतो. पाणी हवेपेक्षा साधारण ८०० पट दाट आहे, त्यामुळे हा फायदा अगदी जाणवण्याजोगा. पाय सुटले की सुटले. एकट्याने वीस सेकंदांचं अंतर भरून काढणं म्हणजे आतबट्ट्याचा व्यवहार, कारण तिथे जाळलेली साखर सात तासांनी परत मागावी लागते आणि ती कुणी देत नाही. पाणी २१.९ अंश सेल्सिअसपेक्षा गरम असेल तर आयर्नमॅनमध्ये व्यावसायिकांना तरंगायला मदत करणारा वेटसूट घालता येत नाही. कोनाचं पाणी कोमट, म्हणून तिथे ज्याचा त्याचा दम.

पाण्यातून बाहेर आल्यावर सायकल घ्यायची, सायकल ठेवल्यावर बूट बदलायचे, या दोन अदलाबदलींना ट्रान्झिशन म्हणतात. त्यांची वेळही घड्याळात धरली जाते. सायकलीचे बूट आधीच पेडलला अडकवून ठेवलेले असतात. अनवाणी पळत यायचं, उडी मारून बसायचं आणि चालत्या सायकलीवर पाय बुटात सरकवायचे. दिसायला छान, चुकलं तर हास्यास्पद.

खरा हिशेब सुरू होतो तो सायकलीवर. चार तासांहून थोडा जास्त वेळ, सरासरी ताशी ४३-४४ किलोमीटर, तेही एकट्याने वारा कापत. या वेगाला सपाट रस्त्यावर ताकद जवळजवळ सगळी हवा ढकलण्यात जाते. आणि हवेचा स्वभाव मोठा खडूस आहे. वेग १० टक्क्यांनी वाढवायचा तर ताकद १० टक्क्यांनी वाढवून भागत नाही, सुमारे ३३ टक्क्यांनी वाढवावी लागते, कारण लागणारी ताकद वेगाच्या घनाच्या पटीत वाढते. म्हणून हे लोक चार तास हँडलवर पुढे वाकून, हात जुळवून, डोकं खांद्यांत घालून बसतात. मान आखडते, पाठ बोंबलते, तरी उठायचं नाही. ताकद न वाढवता मिळणारा वेग म्हणजे फुकटची कमाई.

सायकलीवर एक छोटा पडदा असतो आणि पेडलशी जोडलेला पॉवर मीटर पाय किती वॉट ताकद लावताहेत ते त्यावर दाखवत राहतो. अव्वल पुरुष खेळाडू तासन् तास ३०० वॉटच्या आसपास असतो. त्याच्या अंगात याहून कितीतरी जास्त ताकद असते. तासाभराची शर्यत असती तर त्याने तीही लावली असती. इथे मात्र त्याला चार तास हातचं राखून बसायचं असतं, शेजारून एखादा सणसणत पुढे गेला तरी. पाय ताजेतवाने वाटत असतात, गर्दी ओरडत असते, आणि पडद्यावरचा आकडा म्हणत असतो, थांब. माझ्या मते सगळ्या शर्यतीतलं हे सगळ्यात अवघड काम. धावताना होणाऱ्या यातना निदान कॅमेऱ्यात दिसतात तरी.

दुसऱ्याच्या मागे लपून वारा चुकवायचा म्हटलं तर या प्रकारात ड्राफ्टिंगला बंदी. व्यावसायिकांनी दोन सायकलींमध्ये ठरलेलं अंतर ठेवायचं (बरीच वर्षं ते साधारण १२ मीटर होतं), पुढच्याला गाठायचं ठरवलं तर ठरलेल्या सेकंदांत पार व्हायचं, नाहीतर पंच मोटारसायकलवरून येऊन कार्ड दाखवतो आणि दंडाच्या तंबूत पाच मिनिटं उभं राहावं लागतं. गंमत अशी, की १२ मीटरवरही थोडा आडोसा मिळतोच, आणि पुढे कुणीतरी आहे या जाणिवेने मनालाही आधार मिळतो. म्हणूनच पाण्यात पाय सुटलेल्याचं नुकसान पुढे सायकलीवर वाढत जातं. काही शर्यतींनी हल्ली हे अंतर २० मीटर केलं आहे ते त्यामुळेच.

आता पोटाकडे येऊ.

संपूर्ण शर्यतीत अशा खेळाडूचं शरीर ढोबळमानाने ८ ते ९ हजार किलोकॅलरी जाळतं. स्नायूंत आणि यकृतात साखरेचा जो साठा असतो, ग्लायकोजेन, तो पाचसहाशे ग्रॅमचा, म्हणजे दोन-सव्वादोन हजार किलोकॅलरींचा. चरबी भरपूर असते. सडसडीत खेळाडूच्या अंगातही चाळीस हजारांहून जास्त किलोकॅलरी चरबीच्या रूपात पडून असतात. पण चरबी जळते सावकाश. फक्त तिच्यावर चालता येतं, जॉगिंग करता येतं, ताशी १६ किलोमीटरने धावता येत नाही. तेव्हा दरी भरायची ती वाटेत खाऊन.

मग हवं तेवढं खा की! नाही जमत. आतड्याच्या अस्तरात ग्लुकोज रक्तात ओढून घेणारी जी वाहक प्रथिनं असतात, त्यांची क्षमता तासाला साधारण ६० ग्रॅमला अडते. त्यापुढचं ग्लुकोज आतड्यातच पडून राहतं, पाणी ओढून घेतं, पोट फुगतं, ढवळतं, आणि पुढचं सांगायला नको. बरीच वर्षं हीच मर्यादा मानली जायची. मग लक्षात आलं की फळांतली साखर, म्हणजे फ्रुक्टोज, वेगळ्या दाराने आत जाते. एका दारावर रांग लागली असेल तर अर्धी माणसं दुसऱ्या दाराने पाठवावीत, तसं ग्लुकोज आणि फ्रुक्टोज एकत्र दिलं तर तासाला ९० ग्रॅम, आणि सराव असलेल्यांना १२० ग्रॅमपर्यंतही पचवता येतं. १२० ग्रॅम म्हणजे चहाचे तीसेक चमचे साखर. दर तासाला. चार तासांच्या सायकलीवर जवळपास अर्धा किलो साखर, तीही धाप लागलेली असताना, डांबरावरून येणारी गरम वाफ तोंडावर घेत, जेल आणि साखरपाण्याच्या रूपात गिळायची.

‘सराव असलेल्यांना’ हे शब्द महत्त्वाचे. पायांना सराव लागतो हे सगळ्यांना ठाऊक असतं, आतड्यालाही लागतो हे पटकन पटत नाही. हे खेळाडू शर्यतीआधी कित्येक आठवडे लांब सरावात मुद्दाम एवढी साखर खाऊन पोट तयार करतात. गेल्या काही वर्षांत या खेळात जे विक्रम कोसळले, त्याचं श्रेय लोक गुबगुबीत तळाच्या कार्बन बुटांना आणि बोगद्यात वारा सोडून तपासलेल्या सायकलींना देतात. ते बरोबरच आहे, पण पोटाला त्यात मिळायला हवा तेवढा मान मिळत नाही.

आणि या पोटाची अडचण अशी की रक्त त्याला एकट्याला मिळत नाही. पायाचे स्नायू मागतात, त्वचा मागते. त्वचेला रक्त कशाला? उष्णता बाहेर टाकायला. माणसाचं शरीर यंत्र म्हणून फार काटकसरी नाही. जाळलेल्या इंधनापैकी जेमतेम २०-२५ टक्के पेडलपर्यंत पोचतं, बाकीची उष्णता होते. ३०० वॉटने सायकल हाणणारा माणूस आतून साधारण १००० वॉट उष्णता तयार करत असतो, म्हणजे पोटात एक इलेक्ट्रिक हीटर चार तास चालू. ही उष्णता घालवायचा मुख्य मार्ग घाम. एवढी उष्णता न्यायला तासाला दीड लिटरच्या आसपास घाम निघून तो पुरता वाळावा लागतो. कोनासारख्या दमट हवेत तो वाळतच नाही, नुसता ठिबकतो. ठिबकलेला घाम पाणी घेऊन जातो, उष्णता तिथेच ठेवून जातो. त्यात तिथला रस्ता काळ्या लाव्हाच्या माळरानातून जाणारा, सावलीचं नाव नाही.

घाम गेला की रक्तातलं पाणी कमी होतं. रक्त कमी, मागणारे तिघे. हृदय तेच काम करायला जास्त वेळा ठोके देऊ लागतं. या ओढाताणीत पहिला बळी पोटाचा जातो. त्याचं रक्त कापलं जातं, पचन थंडावतं, खाल्लेलं तसंच वर यायला लागतं. खाणं थांबलं की तासाभरात साखर आटते. साखर आटली की पायच नव्हे, मेंदूही गोंधळतो, कारण त्याचंही इंधन तेच. मग माणूस सरळ रेषेत धावू शकत नाही. दोन-तीन किलोमीटरपूर्वी झकास दिसणारा खेळाडू अचानक का लटपटतो, त्याचं कोडं बऱ्याचदा या साखळीत सुटतं: उष्णता, पाणी, पोट, साखर. यातली एक कडी निसटली की बाकीच्या आपोआप निसटतात, आणि ती निसटलेली असते तास-दीड तास आधी, सायकलीवर, सगळं उत्तम चाललेलं असताना.

मग भरपूर पाणी प्यावं, तर त्यातही खोच आहे. घामातून मीठ जात असतं. नुसतं साधं पाणी घामापेक्षा जास्त पोटात ओतलं की रक्तातलं सोडियम विरळ होतं, डोकं दुखतं, मळमळतं, आणि टोकाला गेलं तर मेंदूला सूज येऊन जीवावर बेततं. लक्षणं पाणी कमी पडल्यासारखीच दिसतात, म्हणून गाफील माणूस आणखी पाणी पितो. हा धोका हळू धावणाऱ्या हौशींना जास्त, कारण त्यांना प्यायला वेळ भरपूर मिळतो. व्यावसायिक मात्र आपला घाम तपासून घेतात, कुणाच्या घामात किती मीठ जातं ते मोजतात आणि बाटल्या त्या हिशेबाने भरतात. (एवढं प्यायल्यावर लघवीचं काय? थांबायला वेळ नसतो. सायकल चालत राहते. एवढं पुरे.)

या सगळ्याची बेरीज मॅरेथॉनमध्ये समोर येते. सायकलीवरून उतरल्यावर पहिला किलोमीटर पाय आपले नसल्यासारखे वाटतात. चार तास गोल फिरायची सवय झालेल्या स्नायूंना आता आपटायला सांगितलेलं असतं. त्यासाठी सरावात सायकल संपताच लगेच धावायला सुटतात, त्याला ‘ब्रिक’ म्हणतात. ती जडपणाची वेळ टळली की मजेची गोष्ट घडते, पाय एकदम हलके लागतात आणि वेग हवा त्यापेक्षा जास्त निघतो. इथेच पुष्कळ जण फसतात.

२०२४ च्या कोना शर्यतीत फ्रान्सच्या सॅम लेडलोने सायकलीचा विक्रम मोडला, १८० किलोमीटर चार तासांच्या आत, बाकीच्यांना मागे टाकत. आदल्याच वर्षी तो फ्रान्समधल्या नीस इथे जगज्जेता झाला होता, त्यामुळे हा काही नवखेपणाचा प्रकार नव्हता. पण धावताना तो मागे मागे पडत गेला आणि पहिल्या दहातही राहिला नाही. जिंकला पॅट्रिक लँगे, सायकलीवर त्याच्या बराच मागे असलेला. त्याने मॅरेथॉन २ तास ३७ मिनिटांत काढली, म्हणजे किलोमीटरला पावणेचार मिनिटांच्याही आत, सहा लिटर घाम गाळून झाल्यावर. लेडलोला मूर्ख ठरवणं सोपं आहे, मला ते पटत नाही. त्याच्यासारखा धावण्यात लँगेपेक्षा हळू माणूस सायकलीवर हातचं राखून बसला असता तर नक्की हरला असता. त्याने जिंकण्याचा एकमेव रस्ता निवडला, तो त्या दिवशी बंद निघाला. अंथरूण पाहून पाय पसरावेत हे खरं, पण कधीकधी अंथरूणच मुळात आखूड असतं.

धावताना थंड राहण्यासाठी जे चालतं ते पाहणाऱ्याला वेडेपणा वाटेल. दर दीड-दोन किलोमीटरवर पाण्याचं टेबल. तिथे प्यायचं कमी, अंगावर ओतायचं जास्त. बर्फाचे खडे टोपीत, छातीवर कपड्याच्या आत, मुठीत. बर्फ धरल्याने तळहातातून जाणारं रक्त थोडं थंड होतं. शर्यतीआधी दोन आठवडे मुद्दाम उन्हात, सौनामध्ये किंवा गरम पाण्याच्या टबात बसून शरीराला उकाड्याची सवय लावलेली असते. त्याने रक्तातलं पाणी वाढतं आणि घाम लवकर सुटू लागतो.

पण शेवटचे दहा-बारा किलोमीटर शास्त्राच्या पलीकडचे असतात असं सगळेच सांगतात. १९८९ मध्ये कोनात मार्क ॲलन आणि डेव्ह स्कॉट आठ तास जवळजवळ खांद्याला खांदा लावून होते. ॲलन त्याआधी सहा वेळा इथे येऊन हरला होता. शेवटच्या चढावर त्याने जोर लावला आणि ५८ सेकंदांनी जिंकला. आठ तासांत ५८ सेकंद.

आणि सोडून देण्याचं काय? हौशी स्पर्धक रांगत का होईना, पूर्ण करतो, कारण त्याच्यासाठी तेच बक्षीस. व्यावसायिकाचं गणित वेगळं. हे अंतर वर्षातून तीन-चारदाच नीट जमतं, बक्षिसाची रक्कम पहिल्या दहा-पंधरांपर्यंतच पोचते, आणि कोनात पहिल्या क्रमांकाला मिळणारे १,२५,००० डॉलर एकालाच मिळतात. तिसाव्या क्रमांकासाठी स्वतःला पिळून काढायचं की शरीर राखून पाच आठवड्यांनी दुसरीकडे पोटापाण्याची सोय बघायची? म्हणून व्यावसायिक सोडतात, आणि त्यात लाज नाही. तरी २०१७ ला यान फ्रोडेनोने वेगळंच केलं. दोनदा सलग जिंकलेला गडी, पाठ धरली, मॅरेथॉनच्या सुरुवातीलाच चालायला लागला. त्याने शर्यत सोडली नाही. चालत, थांबत, पाठ ताणत सव्वानऊ तासांनी अंतिम रेषेवर आला. दोन वर्षांनी परत येऊन तिसऱ्यांदा जिंकला.

रेषेपलीकडे तंबू असतो, वजन होतं, काहींना सलाईन लागतं. पायऱ्या उतरायच्या तर कठड्याला धरून, पाठमोरं होऊन. रात्री अंग थकलेलं असूनही झोप लागत नाही. खायला लगेच हवं असतं, पण समोर पहिलं कुणी गोड आणून ठेवलं की तोंड वाकडं होतं. सात-आठ तास तीच गोड चव जिभेवर असते. मग हात जातो तो खारट कशाकडे तरी.